गोदाकांठचीं दुरावलेलीं लेंकरें

इतिहासाच्या ग्रंथांत राजांच्या स्वाऱ्या असतात, तह असतात, महसुलाचे व दुष्काळाचे आंकडे असतात. परंतु त्या त्या काळीं घराघरांतून मुलें कशीं वाढलीं, कशास भ्यालीं, कोणाच्या कुशींत शिरून निजलीं व कोणत्या दुःखानें मुकीं झालीं, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. मुलें बखरी लिहीत नाहींत. आणि जे बखरी लिहितात, त्यांस आपलें मूलपण सांगण्याजोगें वाटत नाहीं. तथापि बालमनाचा इतिहास मुळींच उपलब्ध नाहीं, असें म्हणणें चुकीचें होईल. तो अभंगांत आहे, जात्यावरच्या ओव्यांत आहे, शाळांतील शिक्षांच्या आठवणींत आहे आणि कायद्यांच्या कलमांतही आहे. मात्र तो तेथून वेंचून घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखांत या इतिहासाचा एक लहानसा धागा आम्ही हातीं घेत आहों. परभणी जिल्हा हें त्याचें स्थळ आणि आईबापांपासून दूर राहणारें मूल हा त्याचा विषय. हाच धागा निवडण्याचें कारण असें कीं, घर नीट चाललेलें असतांना आईबाप मुलाच्या मनासाठीं काय करतात हें कोणाच्याच लक्षांत येत नाहीं. खुद्द आईबापांच्याही नाहीं. छप्पर उडालें म्हणजेच तें किती ऊन अडवीत होतें हें कळतें. मूल दुरावलें, कीं त्या दुराव्याच्या खुणांवरून घराचें खरें काम कोणतें तें उमगूं लागतें.

पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हा परभणीचा गोदाकांठ. त्यांतील गंगाखेड हें जनाबाईचें जन्मगांव, असें परंपरा सांगते. बाप दमा व आई करुंड हें दांपत्य विठ्ठलभक्त; त्यांची ही लहानगी मुलगी पंढरपुरास दामाशेटी शिंपी यांच्या घरीं राहिली व तेथेंच वाढली. दामाशेटींचे पुत्र नामदेव. त्यांचा जन्म शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० चा मानितात, आणि त्यांच्या घराण्याचें मूळ गांव नरसी बामणी असें समजतात. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा होईपर्यंत नरसीही परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. म्हणजे याच एका मुलखांतून दोन घरांचा पंढरीशीं संबंध जडला: एका घराचें सगळें कुटुंब तेथें नांदलें, आणि दुसऱ्या घरांतून एकटी एक मुलगी तेथें राहिली. तिला तेथें ठेवण्याचें कारण कोणी भक्ति सांगतात, कोणी गरिबी. मुलीच्या दृष्टीनें पाहिल्यास दोहोंचें फळ एकच होतें.

या मुलीच्या मनांत काय चाललें असेल याचा अंदाज करावयास आपणांजवळ साधन आहे. जनाबाईच्या नांवावर साडेतीनशेंच्या आसपास अभंग मानिले जातात. त्यांतून दिसणारा विठ्ठल हा जगन्नियंता कमी आणि घरांतलें वडील माणूस अधिक आहे. तो तिच्याबरोबर दळूं लागतो, शेण्या वेंचूं लागतो, तिचे केंस विंचरतो, तिला न्हाऊं घालतो. पंडितांनीं यांतून भक्तीचें तत्त्वज्ञान काढलें आहे, व तें योग्यच आहे. पण आम्हांस यांत आणखी एक गोष्ट दिसते. दुरावलेल्या मुलीनें देवाकडून काय मागितलें? तिनें ऐश्वर्य मागितलें नाहीं. शेजारीं बसणारें कोणी मागितलें. केंसांवरून फिरणारा हात मागितला. मुलाला सुरक्षित वाटतें तें उपदेशानें वाटत नाहीं. रोजच्या, क्षुल्लक दिसणाऱ्या, हातांनीं करावयाच्या सेवेनें वाटतें, हें सहाशें–सातशें वर्षांपूर्वींच्या त्या दासीनें कोणाही शास्त्रज्ञाच्या आधीं नोंदून ठेविलें आहे.

याहून लक्षणीय असें तिचें एक शब्दचित्र आहे. त्यांत विठ्ठल लेंकुरवाळा म्हणून येतो आणि सगळे संत त्याचीं पोरें होतात. कोणी खांद्यावर बसलेला आहे, कोणाचा हात त्यानें धरिला आहे, कोणी मांडीवर आहे, कोणी बोट धरून चालतें आहे. एकजण पुढें चालला आहे आणि एकजण मागून येत आहे. वाचकांनीं या चित्राकडे क्षणभर बापाच्या दृष्टीनें पाहावें. सर्व मुलें एकाच तऱ्हेनें उचललेलीं नाहींत. ज्यास खांदा पाहिजे त्यास खांदा, ज्यास नुसतें बोट पुरे त्यास बोट. आणि जो आपल्या पायांनीं पुढें जाऊं शकतो त्यास कडेवर घेण्याचा आग्रह नाहीं. ‘आम्ही सर्व मुलांस सारखें वागवितों’ असें अभिमानानें सांगणाऱ्या घरांनीं विचार करावा अशी ही गोष्ट आहे. प्रेम सारखें असावें. पण त्याचें रूप सारखें असेलच असें नाहीं.

त्याच काळांतलें दुसरें उदाहरण आळंदीच्या चार भावंडांचें. आईबापांनीं देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर हीं मुलें पोरकीं झालीं. लोकांच्या बोलण्यानें दुखावलेले ज्ञानदेव एकदां झोंपडीचें दार लावून बसले, तेव्हां धाकट्या मुक्ताबाईनें बाहेर उभें राहून त्यांची समजूत घातली. तेच ‘ताटीचे अभंग’ होत, अशी आख्यायिका आहे. रुसलेल्या, दुखावलेल्या जीवाशीं कसें बोलावें याचा हा आपल्या भाषेंतला जुना पाठ होय. मुक्ताबाई दार फोडीत नाहीं व निघूनही जात नाहीं. दार आंतून उघडेपर्यंत ती तेथें उभी राहते. आपल्या घरांतील मूल खोलीचें दार लावून घेतें तेव्हां बहुतेक आईबाप या दोहोंपैकीं एक चूक करतात: दार ठोठावून धाक घालतात, किंवा ‘बसूं दे, भूक लागली म्हणजे येईल’ असें म्हणून निघून जातात.

अभंगांतून आपण जात्याकडे वळूं. पहांटे आई दळावयास बसली कीं मांडीवर किंवा शेजारच्या वाकळेवर मूल निजलेलें असे, आणि घरघर फिरणाऱ्या जात्याबरोबर ओवी त्याच्या कानांत शिरे. हेमा राईरकर व गी पोइतवां यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत महाराष्ट्रांतील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या ओव्याही आहेत. या सबंध ओवीवाङ्मयांत माहेर आहे, भाऊ आहे, लेंक आहे, विठ्ठल आहे, आणि रानांत एकटीनें मुलें वाढविणारी सीता तर पुन्हा पुन्हा आहे.

ओवी म्हणजे मुलासाठीं गाइलेलें गाणें, एवढेंच म्हटलें तर तिचें अर्धेंच काम सांगितल्यासारखें होईल. ती आईच्या दुःखाची वाट होती. सासुरवास, नवऱ्याचा अबोला, भावाचा विसर हें सर्व ती कोणाही माणसास न सांगतां जात्यास सांगे, आणि मन हलकें करून उठे. जिच्या दुःखास वाट आहे, तिचा हात मुलावर कमी उठतो. गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांचें ओझें उतरलें, हें फार चांगलें झालें. कोणीही सुज्ञ मनुष्य जातें परत यावें अशी इच्छा करणार नाहीं. परंतु जात्याबरोबर आईचें मन मोकळें होण्याची जी एक रोजची घटका गेली, तिच्या जागीं दुसरें काय आलें, हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला.

येथें जुन्या काळाचें उगीच गोडवे गाऊन चालणार नाहीं. ओवी गाणारी ती आई बहुधा स्वतःच दुरावलेलें लेंकरूं असे. आठव्या–दहाव्या वर्षीं तिचें लग्न होई व ती परक्या घरीं जाई. माहेरच्या वाटेकडे डोळे लावण्याचा जो सूर ओव्यांत आहे, तो या पोरवयांतील ताटातुटीचा सूर आहे. १९२९ सालच्या शारदा कायद्यानें मुलींच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें. पण तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता आणि परभणी निजामाच्या राज्यांत होती. हा प्रश्न सरला असें समजण्याचें कारण नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत परभणी जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारें ४८ टक्के जणींचीं लग्नें अठरा वर्षे पुरीं होण्यापूर्वीं झालेलीं आढळलीं. ज्या मुलीचें स्वतःचें मन सांभाळण्याचे दिवस, तिच्या ओंटींत दुसरें मूल येतें. मग त्या दोन मुलांपैकीं कोणीं कोणास धीर द्यावा?

घराचा विचार झाला, आतां शिस्तीचा. आपल्याकडे एक जुनें नीतिवचन प्रमाण मानलें जाई. त्याचा अर्थ असा कीं, पांच वर्षे मुलाचे लाड करावे, पुढें दहा वर्षे त्यास ताडन करावें आणि सोळाव्या वर्षीं त्यास मित्र समजावें. या वचनाचा शेवट फार उदात्त आहे. पण दहा वर्षे मार खाल्लेला मुलगा सोळाव्या वर्षीं एकाएकीं मित्र कसा होणार, हें कोणी सांगितलें नाहीं. पंतोजींच्या शाळेंत अंगठे धरणें, ओणवें उभें राहणें, छडी खाणें या गोष्टी अक्षरओळखीइतक्याच अभ्यासाचा भाग होत्या. गोदाकांठच्या मुलास तर आणखी एक भीति होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें माध्यम उर्दू होतें. आणि त्याकडे जाणाऱ्या वरच्या शाळांचेंही माध्यम तेंच. उर्दू ही मोठी भाषा आहे, व तिच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. पण ज्या घरांत ती बोलली जात नव्हती, तेथील मुलास शाळेंत शिरतांच आपली जीभ उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. ज्या भाषेंत आईजवळ रडतां येतें, त्या भाषेंत मास्तरांजवळ शंका विचारतां येत नाहीं, हाही एक दुरावाच होय. १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन त्या वेळच्या परभणी जिल्ह्यांतील परतूर येथें भरलें. निजामी राज्यांतील मराठी माणसाच्या त्या जागृतीमागें इतर कारणांबरोबर मुलांच्या भाषेचें हें शल्यही होतें.

मुलास स्वतंत्र मन आहे आणि त्या मनासाठीं निराळें लिहिलें पाहिजे, ही जाणीव मराठींत हळूहळू आली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचें ‘बाळमित्र’ १८२८ चें. विनायक कोंडदेव ओकांचें ‘बालबोध’ मासिक १८८१ चें. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ चा. पण मुलांसाठीं लिहिणें निराळें आणि आईबापांस मुलाकडे पाहावयास शिकविणें निराळें. हें दुसरें काम ताराबाई मोडकांनीं केलें. त्या १८९२ सालीं मुंबईस जन्मल्या. १९२३ सालीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत दाखल झाल्या. १९२६ सालीं या दोघांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोममध्यें गरीब वस्तींत जें बालगृह उघडलें, त्याच्या तत्त्वांचा हा हिंदी अवतार. या मंडळींचा विशेष असा कीं, त्यांनीं मुलाच्या आधीं मोठ्यांस शाळेंत बसविलें. आईबाप होणें हें कठीण काम आहे, अशा अर्थाचेंच नांव गिजुभाईंनीं आपल्या एका पुस्तकास दिलें. मूल हट्ट करतें, मोडतोड करतें, खोटें बोलतें, तर तें वाईट आहे असें न समजतां त्यास काय सांगावयाचें आहे तें पाहा, हा त्यांचा सांगावा होता.

पुढें १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या. तेथें अनुताई वाघ यांच्या साहाय्यानें त्यांनीं जें काम केलें, त्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें. आदिवासी पाड्यांच्या अंगणांत त्यांनीं वर्ग भरविले. गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणशाळा काढल्या. १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली व गांवोगांवीं अंगणवाड्या निघाल्या, तेव्हां बोर्डीच्या त्या अंगणाचेंच नांव देशभर गेलें. आज परभणीच्या एखाद्या खेड्यांत अंगणवाडीताई चिमुकल्यांस गोल करून बसविते, तिच्यामागें हा वंशवृक्ष आहे.

मराठी घरांतील आईविषयीं बोलतांना साने गुरुजींस वगळून चालणार नाहीं. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत त्यांनीं ‘श्यामची आई’ अवघ्या कांहीं दिवसांत लिहून काढली. त्या पुस्तकाकडे आपण संस्कारांचें पुस्तक म्हणून पाहतों. तें दुराव्याचेंही पुस्तक आहे, हें विसरतों. श्याम शिकण्यासाठीं घरापासून दूर राहतो, आणि आईच्या अखेरच्या क्षणीं तिच्याजवळ पोहोंचूं शकत नाहीं. त्यांतील आई मवाळ नाहीं. पोहण्यास भिऊन लपलेल्या मुलास ती शिक्षा करून विहिरीवर धाडते. परंतु शिक्षा करून ती तोंड फिरवून बसत नाहीं. पुन्हा जवळ घेते, आपलें कारण सांगते, स्वतःच्या डोळ्यांतलें पाणी लपवीत नाहीं. आजच्या वाचकानें त्यांतील मार उचलूं नये. मारानंतरचें जवळ घेणें उचलावें. आईबाप व मुलें यांच्यांत कधींच कांहीं तुटत नाहीं असें घर जगांत नाहीं. तुटलेलें सांधण्याची रीत ज्या घरांत आहे, तेंच घर मुलास भक्कम वाटतें.

दुराव्याचें शास्त्रीय ज्ञान मात्र युरोपांतील एका मोठ्या आपत्तींतून मिळालें. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध सुरू होतांच बाँबच्या भीतीनें इंग्लंडमधील शहरांतून लक्षावधि मुलें खेड्यांत पाठविण्यांत आलीं. लंडनमध्यें हँपस्टेड येथें ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनीं त्या काळांत शिशुगृहें चालविलीं. त्यांच्या पाहण्यांत असें आलें कीं, आई जवळ असली तर लहान मूल बाँबच्या गडगडाटांतही बरेंच सावरतें. पण सुरक्षित ठिकाणीं आईवांचून ठेविलें तर तें खंगतें. १९५१ सालीं जॉन बोल्बी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं याच विषयावर अहवाल लिहिला. त्यांनीं व जेम्स रॉबर्टसन यांनीं दुरावलेल्या लहान मुलाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: पहिली आक्रोशाची, दुसरी निराशेची, जींत तें गप्प व मलूल होतें, आणि तिसरी अलिप्ततेची, जींत तें हंसतें, खेळतें, खातेंपितें, पण आई परत आली तरी तिच्याकडे धांवत नाहीं.

ही तिसरी अवस्था प्रत्येक आईबापानें नीट ओळखून ठेवावी. कारण आपल्याकडे तिलाच ‘रुळलें’ असें म्हणतात. रडणारें मूल आपणांस त्रासदायक वाटतें आणि गप्प मूल शहाणें वाटतें. वस्तुतः रडणाऱ्या मुलाची आशा अद्याप जिवंत असते. अर्थात् शांत स्वभावाचें प्रत्येक मूल दुःखी असतें असें नव्हे. पूर्वीं बोलणारें मूल गप्प झालें, तर मात्र त्या शांततेस शहाणपण समजून चालूं नये. बोल्बींच्या मतास पुढें एक महत्त्वाची पुरवणीही जोडली गेली. मायकेल रटर यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, मुलाचें भलें केवळ जन्मदात्या आईच्या सततच्या सहवासावरच अवलंबून नसतें. तें इतर माणसांशींही घट्ट नातें जोडूं शकतें, आणि दुराव्याचा परिणाम त्याच्या भोंवतालच्या परिस्थितीप्रमाणें बदलतो. कामासाठीं घराबाहेर पडणाऱ्या आईस अपराधी ठरविण्याचें कारण म्हणून उरत नाहीं. पण मुलाजवळ टिकून राहणारें, विश्वासाचें कोणी तरी माणूस हवें, ही मागणी कमी होत नाहीं.

आतां आजच्या गोदाकांठाकडे येऊं. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून दरवर्षी दसरा–दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात. नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. माणसांस हत्याराचें नांव मिळावें यांतच सगळें आलें. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, म्हणून कोयता पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत जातो व उन्हाळ्याच्या तोंडीं परततो. मुलास बरोबर न्यावें तर शाळा सुटते, आणि कोपींत थंडींत निजून पहांटे थळांत जावें लागतें. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटें येतें. मागें ठेवावें तर आजीआजोबा किंवा जिल्हा परिषदेचीं हंगामी वसतिगृहें. आईबापांपुढें दोन्हीं बाजूंनीं तोटाच असतो. वयांत आलेल्या मुलीस मागें ठेवण्याची भीति वाटते, म्हणून तिचें लग्नच उरकण्याचा मार्गही यांतूनच निघतो. वर दिलेल्या आंकड्याचें हें एक कारण होय.

१९७२ च्या दुष्काळांत याच मराठवाड्यांतील बाया खडी फोडावयास गेल्या, तेव्हां त्यांचीं पोरें कामाच्या जागींच उन्हांत वाढलीं. पुढें २००५ च्या रोजगार हमी कायद्यानें अशी तरतूद केली कीं, कामावर सहा वर्षांखालील पांच किंवा अधिक मुलें आलीं तर त्यांस सांभाळण्यासाठीं एका स्त्रीस नेमावें व तिला मजुरी द्यावी. मूल सांभाळणें हें काम आहे आणि त्याचें मोल आहे, हें या कलमानें मान्य केलें. उसाच्या थळांत ही मान्यता जेव्हां सर्वत्र पोहोंचेल, तेव्हां जनाबाईच्या गांवानें सातशें वर्षांचें एक ऋण फेडलें असें म्हणतां येईल.

आमचे बहुतेक वाचक नोकरीधंद्यांतले, शिकलेले. त्यांस वाटेल कीं हा गरिबांचा प्रश्न आहे. परंतु दहावीचा निकाल लागतांच परभणीचें सुखवस्तु घरही आपलें मूल लातुरास, नांदेडास किंवा थेट राजस्थानांतील कोट्यास पाठवितें. खोली चांगली असते, डबा वेळेवर येतो, फी भरलेली असते. संध्याकाळीं फोन येतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो: ‘आजच्या टेस्टमध्यें किती पडले?’ रोज हा एकच प्रश्न ऐकणाऱ्या मुलास हळूहळू असें वाटूं लागतें कीं, घरीं आपली वाट कोणी पाहत नाहीं. आपल्या गुणांची पाहतात. अशा शिकवणीच्या गांवांतून विद्यार्थ्यांच्या आत्महत्त्या वारंवार घडल्या, आणि १९२४ नव्हे, २०२४ सालीं केंद्र सरकारला मार्गदर्शक सूचना काढून सांगावें लागलें कीं, सोळा वर्षांखालील किंवा दहावीची परीक्षा न दिलेल्या मुलांस शिकवणीवर्गांत घेऊं नये. आईबापांनीं आपण होऊन जें ओळखावयाचें, तें सरकारास लिहून द्यावें लागलें.

या इतिहासापासून घ्यावयाचा बोध थोडक्यांत असा. मुलास दूर ठेवावयाचें झाल्यास त्यास खरें सांगावें. तें निजलें असतां निघून जाऊं नये, कारण त्यायोगें आईपेक्षां झोंपेचीच भीति मनांत बसते. कोठें जातों, केव्हां येऊं, तोंवर कोणाजवळ राहावयाचें, हें तीन वर्षांच्या मुलासही सांगतां येतें. ज्याच्या हवालीं मूल करावयाचें तें माणूस वारंवार बदलूं नये. जेवणाची, निजण्याची व बोलण्याची वेळ ठरलेली असावी. ज्याच्या दिवसास आकार आहे त्याच्या मनास आधार असतो. राग, हेवा, भीति यांचीं नांवें मुलास शिकवावींत. ज्यास ‘मला भीति वाटते’ असें म्हणतां येतें, त्यास ती भांडी आपटून दाखवावी लागत नाहीं. नियम थोडे असावेत, पण ते आज एक व उद्यां दुसरे असे नसावेत. आणि नियम मोडल्यास त्याचा परिणाम मुलास सोसावा लागला तरी त्यानें घरांतली जागा गमावली असें त्यास केव्हांही वाटूं नये. छडीविषयीं तर आतां वादच उरला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली, आणि मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त असावें हें शिक्षणाचें ध्येय म्हणून लिहिलें. शाळेनें जें सोडलें तें घरानें धरून ठेवावें, हें शोभणारें नाहीं.

एवढें करूनही मूल आठवडेच्या आठवडे खिन्न राहिलें, खाणें–झोंप बिघडली, आवडत्या खेळांतून मन उडालें, किंवा मरणाच्या गोष्टी बोलूं लागलें, तर तो स्वभावाचा दोष किंवा अभ्यास चुकविण्याची युक्ति समजूं नये. तापांत वैद्याकडे नेतों तसें विनासंकोच मनाच्या डॉक्टरांकडे न्यावें. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू केली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. घरांत गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. त्याच्या शेजारीं हाही असावा.

शेवटीं एक गोष्ट राहते. दामाशेटींच्या घरीं नामदेवांची आई गोणाई होती. आपल्या मुलासाठीं प्रत्यक्ष विठ्ठलाशीं भांडणारी बाई म्हणून संतवाङ्मयांत ती प्रसिद्ध आहे. गंगाखेडहून आलेली परकी मुलगी तिच्याच घरांत वाढली. त्या मुलीनें पुढें जगाकडे कडवटपणानें पाहिलें नाहीं, आणि देवाचें चित्र काढावयाचें झालें तेव्हां तें अंगाखांद्यावर पोरें घेतलेल्या माणसाचें काढलें. असें चित्र ज्यास काढतां येतें, त्यानें लहानपणीं कोणाचा तरी खांदा पाहिलेला असतो. ज्या घरांत आज दुसऱ्याचें मूल राहत असेल, मग तें भाच्याचें असो, मोलकरणीचें असो, कीं शिकावयास राहिलेल्या खेड्यांतल्या नातलगाचें असो, त्या घरांतील माणसांच्या हातीं तेवढेंच मोठें काम आहे.